दुधाची गुळणी : दोन हजार वर्षांची भीती

गेल्या वर्षीची गोष्ट. एक मुलगी तिच्या तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगी म्हणजे माझीच जुनी पेशंट, तिला लहानपणी गोवर झाला होता तेव्हापासून मी ओळखतो. सोबत सासूबाई आणि हातात एक कापडी पिशवी. पिशवीतून एकेक बाटली टेबलावर येऊ लागली : ग्राइप वॉटर, पोटातल्या गॅसचे थेंब, उलटीचं औषध, ॲसिडचं औषध.

तक्रार एकच. बाळ दूध पिऊन झालं की गुळणी टाकतं. कधी लगेच, ताज्या दुधाची. कधी तासाभराने, फाटलेल्या दुधासारखी. दिवसाला सहा-सात दुपटी बदलावी लागतात.

मी बाळाचं वजन केलं. जन्मताना २.९ किलो, आता ५.८. बाळ माझ्या स्टेथोस्कोपकडे बघून हसत होतं आणि हसता हसता त्याने एक छोटी गुळणी माझ्या टेबलावरही टाकली.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिचं दूधच बाधतंय त्याला. बंद करून डब्याचं सुरू करू का?"

मग मुलगी हळूच म्हणाली, "डॉक्टरकाका, रात्री गुळणी घशात अडकेल म्हणून मी आता त्याला पालथं झोपवते. कुणीतरी सांगितलं."

बाटल्या बघून मी फार दचकलो नव्हतो. या शेवटच्या वाक्याने मात्र मी हातातलं पेन खाली ठेवलं. का, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. आणि ते नीट कळायचं असेल तर थोडं मागे, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं मागे जावं लागेल.

पहिला आरोपी : आईचं दूध

बाळ दूध टाकतं म्हणजे दुधातच काहीतरी बिघाड असणार, हा विचार सासूबाईंचा एकट्यांचा नाही. तो फार जुना आणि जगभरचा आहे.

आपल्या आयुर्वेदाच्या संहितांमध्ये 'स्तन्यदुष्टी' म्हणजे दोषांमुळे बिघडलेलं दूध, ही कल्पना सविस्तर येते. सुश्रुतसंहितेत चांगल्या दुधाची परीक्षाही सांगितली आहे : दूध पाण्यात टाकावं, ते पाण्याशी एकजीव झालं, त्यात फेस किंवा तंतू दिसले नाहीत, ते तरंगलं नाही आणि बुडालंही नाही, तर ते शुद्ध. साधारण दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये सोरॅनस नावाचा ग्रीक वैद्य होता. स्त्रियांचे आजार आणि बाळांची निगा यांवरचा त्याचा ग्रंथ पुढे शेकडो वर्षं वापरला गेला. त्यानेही दुधाची परीक्षा सांगितली आहे : दुधाचा थेंब नखावर ठेवून तो कसा पसरतो ते बघावं. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या वैद्यांनी जवळजवळ सारखीच युक्ती काढली होती.

यात त्यांचा दोष नाही. पोटाच्या आत बघण्याचं कोणतंही साधन त्यांच्याकडे नव्हतं. दिसत होतं ते फक्त आत जाणारं दूध आणि बाहेर येणारं दूध. त्यामुळे तपासायचं तर दूधच तपासणार. जिथे दुधाने उत्तर मिळत नसे तिथे बालग्रहांकडे बोट दाखवलं जाई. सुश्रुतसंहितेत नऊ बालग्रह सांगितले आहेत, स्कंद, रेवती, पूतना वगैरे. आज मीठ-मोहरीने दृष्ट काढणारी आजी त्याच परंपरेतली. दृष्ट काढण्याने बाळाचं काही बिघडत नाही, म्हणून मी त्यावर कधी वाद घालत नाही.

दुधाला दोष देण्याने मात्र बिघडतं. दूध दोषी म्हटलं की पाठोपाठ आई दोषी ठरते. तू हे खाल्लंस, तू ते प्यायलीस, तू थंड पाण्यात हात घातलास. बाळंतिणीचं जेवण मग एकेक पदार्थ कमी करत वरण-भातावर येऊन थांबतं. आणि शेवटी अंगावरचं दूध बंद होतं. गुळणी थांबतच नाही, कारण डब्याच्या दुधाचीही गुळणी होते.

दुसरा आरोपी : जास्त पाजणं

१७४८ मध्ये विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने बालसंगोपनावर एक छोटा निबंध लिहिला. लंडनमध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल नावाची संस्था होती, तिच्या एका विश्वस्ताला लिहिलेल्या पत्राच्या रूपात तो आहे. त्या काळात तिथल्या श्रीमंत घरांत बाळं दाईकडे दूध पाजायला दिली जात, कपड्यांत घट्ट गुंडाळली जात आणि दुधाबरोबर पाव भिजवलेली पेज वगैरे भरवली जाई. कॅडोगनने सांगितलं की बाळांना फार खाऊ घालता आणि फार गुंडाळता, हे दोन्ही थांबवा, आणि आईनेच दूध पाजा. हा सल्ला त्या काळात धाडसाचा होता आणि बराचसा बरोबर होता.

पण त्यानेच पुढे हेही सांगितलं की बाळाला चोवीस तासांत चारच वेळा पाजावं आणि रात्री पाजूच नये. इथे गाडी दुसऱ्या टोकाला गेली. दीडशे वर्षांनी, १८९४ मध्ये, अमेरिकेतल्या डॉ. एमेट होल्ट यांचं आयांसाठी प्रश्नोत्तरांचं पुस्तक आलं. त्यातही घड्याळाला धरून पाजण्यावर भर होता. दोन-तीन पिढ्यांनी बाळ रडत असताना घड्याळाच्या काट्याकडे बघत बसण्यात वेळ घालवला. आपल्याकडेही 'तीन तासांशिवाय पाजू नका' असं सांगणारे डॉक्टर मी माझ्या शिक्षणाच्या काळात पाहिले आहेत.

यात खरं किती? बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाच्या तोंडात बाटली संपेपर्यंत बूच धरून ठेवलं तर गुळणी वाढते, हे खरं. अंगावर पिणारं बाळ पोट भरलं की स्वतः सोडतं. त्याला उपाशी ठेवून गुळणी कमी करायची नसते.

खरा आजार सापडतो

या सगळ्या काळात एक गोष्ट डॉक्टरांना छळत होती. काही बाळं गुळण्या टाकत आणि मजेत वाढत. काही बाळं मात्र जन्मानंतर तीन-चार आठवड्यांनी जोरजोरात, लांब फेकल्यासारख्या उलट्या करू लागत आणि वाळत वाळत दगावत. दोन्हींमध्ये फरक काय?

१८८८ मध्ये कोपनहेगनच्या डॉ. हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी अशा दोन बाळांचं वर्णन प्रसिद्ध केलं. जठरातून अन्न पुढे आतड्यात जायच्या दारापाशी स्नायूंचं कडं असतं. त्या बाळांमध्ये ते इतकं जाड झालं होतं की दूध पुढे सरकतच नव्हतं. याला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षं या बाळांची शस्त्रक्रिया फार धोक्याची होती.

१९११ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर गावी डॉ. कॉनराड रामस्टेट एका बाळाचं ऑपरेशन करत होते. त्यांनी जाड स्नायू उभा कापला. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे तो आडवा शिवायचा होता, पण टाके स्नायूतून कापत बाहेर येऊ लागले. बाळ वाचलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शिवायची गरजच नाही, नुसता स्नायू कापून आतलं अस्तर शाबूत ठेवलं की पुरे. पुढच्या बाळात त्यांनी तसंच केलं. आज शंभराहून जास्त वर्षांनीही मुळात तीच शस्त्रक्रिया होते आणि बाळं ठणठणीत बरी होतात.

या शोधाने आपल्याला एक फार उपयोगी धडा दिला. बाहेर किती दूध आलं यावरून आजार ओळखता येत नाही. वजन वाढतंय की नाही, उलटी जोराची आहे का आणि तिचा रंग काय, हे बघावं लागतं.

सैल झडप

मग जी बाळं मजेत वाढतात ती गुळणी का टाकतात? याचं उत्तर शोधायला क्ष-किरण उपयोगी पडले. १९४७ मध्ये अमेरिकेतले डॉ. न्यूहाउझर आणि डॉ. बेरेनबर्ग यांनी बाळांना बेरियम पाजून फोटो काढले. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ढिली राहते आणि दूध मागे येतं असं त्यांना दिसलं. उपाय त्यांनी सरळ सांगितला : बाळाला उभं धरा.

उपाय बरोबर होता, पण त्याचं पुढे यंत्र झालं. बाळांना बसतं ठेवण्याच्या खास खुर्च्या आल्या आणि काही बाळं दिवसरात्र त्यांत बांधून ठेवलेली असत. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. सुझन ओरेनस्टीन यांनी या खुर्चीचा परिणाम मोजून बघितला. अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून ॲसिड किती वेळा वर येतं ते त्यांनी नोंदवलं. खुर्चीत बसवलेल्या बाळांमध्ये ते कमी होण्याऐवजी जास्त निघालं! कारण समजायला सोपं आहे. लहान बाळाला पाठीचा आणि मानेचा ताबा नसतो. खुर्चीत ते पुढे दुमडतं आणि पोटावर दाब येतो. खांद्यावर उभं धरणं वेगळं आणि खुर्चीत कोंबणं वेगळं.

याच सुमाराला झडपेबद्दलचं मतही बदललं. झडप कायमची सैल नसते. ती अधूनमधून, गिळण्याशी संबंध नसताना, काही सेकंदांसाठी उघडते. मोठ्या माणसांतही असंच होतं. आपल्याला तेव्हा ढेकर येते. बाळाचं सगळं खाणं पातळ, जठर लहान, अन्ननलिका आखूड आणि दिवसाचा बराचसा वेळ आडवं. त्यामुळे ढेकरेबरोबर दूधही येतं. बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की हे आपोआप कमी होतं.

पालथं झोपवा, असं डॉक्टरच सांगत होते

आता त्या पेन खाली ठेवण्याच्या क्षणाकडे येतो.

गुळणी घशात अडकून बाळ गुदमरेल, ही भीती प्रत्येक आईच्या मनात असते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही भीती पुस्तकांत शिरली. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ मध्ये आलं आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीत त्यांनी बाळाला पालथं झोपवणं बरं, असं लिहिलं. कारण दिलं की उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकायची शक्यता जास्त. स्पॉक चांगले डॉक्टर होते आणि आयांच्या बाजूचे होते. विधान ऐकायला अगदी तर्कशुद्ध वाटतं. पण ते कुणी मोजून बघितलेलं नव्हतं.

मोजायची सुरुवात खरं तर आधीच झाली होती. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. हॅरल्ड अब्रामसन यांनी झोपेत गुदमरून गेल्याची नोंद असलेल्या बाळांची माहिती तपासली होती. त्यांतली बरीचशी बाळं पालथी सापडली होती. पण हा इशारा मागे पडला. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सगळीकडे पालथं झोपवणं हाच शहाणा सल्ला झाला. रिफ्लक्ससाठी तर तो खास दिला जाई. पालथ्या बाळात ॲसिड वर येणं कमी होतं, हे मोजमापांत दिसतही होतं.

आणि बाळं झोपेत मरत होती. रात्री ठणठणीत झोपवलेलं बाळ सकाळी उठत नसे. शवविच्छेदनात काही सापडत नसे. या मृत्यूंना 'कॉट डेथ' म्हणू लागले.

नेदरलँड्समध्ये १९७० च्या सुमाराला पालथं झोपवण्याची पद्धत रुजली आणि पुढच्या वर्षांत असे मृत्यू वाढले. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉ. सुझन बील अशा मृत्यूनंतर त्या घरी स्वतः जाऊन चौकशी करत आणि त्यांना पालथी झोपवलेली बाळं वारंवार आढळत. १९८५ मध्ये हाँगकाँगमधून डॉ. डेव्हिस यांनी लिहिलं की इथे दाटीवाटीची वस्ती असूनही कॉट डेथ दुर्मीळ आहे. चिनी कुटुंबांत बाळाला परंपरेने उताणं झोपवत, या गोष्टीकडे त्यांनी लक्ष वेधलं. १९८७ मध्ये नेदरलँड्सचे डॉ. द योंगे यांनी पालथं झोपवू नका असं जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर इंग्लंडच्या एव्हन परगण्यातला अभ्यास आणि न्यूझीलंडचा मोठा अभ्यास आला. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता.

१९९१ मध्ये ब्रिटनमधल्या टीव्ही निवेदिका ॲन डायमंड यांचं चार महिन्यांचं बाळ असंच गेलं. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे 'बॅक टू स्लीप', म्हणजे पाठीवर झोपवा, ही मोहीम सुरू झाली. अमेरिकेत ती १९९४ मध्ये आली. ब्रिटनमध्ये हे मृत्यू थोड्याच वर्षांत निम्म्याहून खाली आले. अमेरिकेतही दशकभरात तेच झालं. नवं औषध नाही, नवी लस नाही, फक्त बाळाची कूस बदलली.

२००५ मध्ये लंडनच्या डॉ. रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी मागे वळून हिशोब मांडला. १९७० पर्यंत जे अभ्यास झाले होते ते तेव्हाच कुणी एकत्र करून पाहिले असते, तर पालथं झोपवण्यातला धोका तेव्हाच दिसला असता. त्यामुळे एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचवलं नाही. पन्नास हजार घरं. आणि यातल्या बहुतेक आई-बापांनी डॉक्टरांचं ऐकलं होतं.

मग उताण्या बाळाच्या घशात गुळणी अडकत का नाही? स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून बघा. श्वासनलिका पुढे असते, अन्ननलिका तिच्या मागे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर राहते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला चढण चढावी लागते, म्हणून ते बहुधा परत खाली जातं किंवा बाळ ते गिळतं. पालथ्या बाळात उलटं होतं, अन्ननलिका वर आणि श्वासनलिका खाली. शिवाय बाळाला खोकण्याची आणि गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया असतेच. उताणं झोपवायच्या मोहिमांनंतर गुळणी अडकून मरणाऱ्या बाळांची संख्या वाढली नाही.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ-माखू घालून, दुपट्यात गुंडाळून, पाळण्यात उताणंच ठेवायची रीत. आपल्या आज्यांना कॉट डेथचे अभ्यास माहीत नव्हते, पण या बाबतीत त्या बरोबर होत्या. म्हणूनच माझ्यासमोर बसलेल्या मुलीने इंटरनेटच्या काळात, भीतीपोटी, बाळाला पालथं घातलं हे ऐकून मी दचकलो. जगाने पन्नास वर्षं केलेली चूक एका घरात पुन्हा सुरू झाली होती.

तिरपा पाळणा

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. तर २००९ सालचं उदाहरण घ्या. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीने तिरप्या उताराचा झुलता बिछाना बाजारात आणला. डोकं वर राहिलं की गुळणी कमी, ही कल्पना पालकांना लगेच पटली. पण तिरप्या बिछान्यात झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते, आणि बाळ तिथे कलंडूही शकतं. तीसहून अधिक मृत्यूंची नोंद झाल्यावर २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख बिछाने परत मागवावे लागले. २०२२ मध्ये तिथे असे तिरपे बिछाने कायद्याने बंद झाले. परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेला जुना तिरपा बिछाना घरात असेल, तर तो बाळाला झोपवायला वापरू नका.

औषधांची पाळी

आता त्या पिशवीतल्या बाटल्या. इथे मला स्वतःबद्दलही बोलायला हवं.

मी नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा सिसाप्राइड नावाचं औषध जोरात होतं. जठर लवकर रिकामं करतं, म्हणून गुळणीसाठी बाळांनाही दिलं जाई. मीही लिहिलं आहे. पुढे कळलं की ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. अमेरिकेत सर्व वयोगटांत मिळून ८० मृत्यूंची नोंद झाल्यावर २००० मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. भारतात त्यावर बंदी आली २०११ मध्ये. मी ज्या बाळांना ते दिलं ती सुखरूप राहिली, पण ते माझं कौशल्य नव्हतं, नशीब होतं. आणि त्यांतल्या बहुतेकांना औषधाची गरजच नव्हती, हे आज मला लख्ख दिसतं.

मग ॲसिड कमी करणाऱ्या औषधांची लाट आली. २००९ मध्ये त्याच डॉ. ओरेनस्टीन यांनी १६२ बाळांवर चाचणी केली. निम्म्या बाळांना लॅन्सोप्राझोल, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रव. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारलेली बाळं सारखीच निघाली, ५४ टक्के. फरक पडला तो गंभीर त्रासांत, मुख्यतः छातीच्या संसर्गात : औषधाच्या गटात १०, दुसऱ्या गटात २. जठरातलं ॲसिड जंतू मारतं, ते उगाच कमी करण्याची किंमत असते.

या चाचणीचा अर्थ नीट समजून घ्या. काहीच औषध न देताही निम्म्याहून जास्त बाळं महिन्याभरात सुधारली. म्हणजे आपण देतो त्या कोणत्याही बाटलीला 'गुण आला' असं वाटणारच. ग्राइप वॉटरचंही तेच. अन्ननलिकेला खरी सूज असेल तर ॲसिडच्या औषधाची गरज पडते, पण ते बालरोगतज्ज्ञाने तपासून ठरवायचं.

साधं काय आणि धोक्याचं काय

१९९७ मध्ये शिकागो परिसरातल्या ९४८ निरोगी बाळांच्या पालकांना विचारून एक अभ्यास झाला. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांत निम्मी बाळं दिवसातून निदान एकदा गुळणी टाकत. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेलं. सातव्या महिन्यात ते २१ टक्के झालं आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत फक्त ५ टक्के. म्हणजे चार महिन्यांच्या बाळांत गुळणी न टाकणारीच कमी आहेत! आणि चौथ्या महिन्यापर्यंत ती वाढत जाते, हे आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही.

तोवर घरी एवढं करा :

- पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा, ढेकर काढा. लगेच खेळवू नका, उड्या मारू नका.
- बाटलीने पीत असेल तर एका वेळी थोडं कमी आणि थोड्या लवकर द्या. उरलेलं संपवायचा आग्रह नको.
- कमरेला डायपर आवळून बांधू नका. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद.
- अंगावरचं दूध बंद करू नका. आईने सगळं खावं.
- झोपवताना नेहमी पाठीवर, सपाट आणि टणक बिछान्यावर. कुशीवरही नको. राईची उशी, लोड, मऊ गादी नको. पालथं घालायचं ते जागेपणी, खेळताना, तुमच्या डोळ्यांसमोर.
- दुधात पीठ, रवा, बिस्कीट स्वतःच्या मनाने घालू नका.

आणि यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा :

- उलटी हिरवी किंवा गडद पिवळी असेल, किंवा तिच्यात रक्त असेल. हिरवी उलटी म्हणजे आतड्यात अडथळा असू शकतो, त्याच तासाला दवाखाना गाठा.
- साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला लांब फेकल्यासारख्या उलट्या होतात आणि लगेच पुन्हा भूक लागते.
- वजन वाढत नाही, लघवी कमी झाली, बाळ मलूल आहे.
- ताप, फुगलेली टाळू, फुगलेलं पोट, शौचातून रक्त.
- पिताना गुदमरतं, निळं पडतं, किंवा प्रत्येक वेळी पिताना कळवळून रडतं.
- सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू झाली, किंवा दीड वर्षानंतरही चालू आहे.

त्या दिवशी मी त्या मुलीला हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं नाही. वजनाचा तक्ता दाखवला, चारही बाटल्या बंद करायला सांगितल्या आणि कागदावर एकच ओळ मोठ्या अक्षरांत लिहून दिली : 'झोपताना पाठीवर.' सासूबाईंना म्हणालो, "आजी, तुमच्या मुलाला तुम्ही कसं झोपवायचात?" त्या म्हणाल्या, "पाळण्यात, उताणाच की." म्हटलं, "मग तसंच करा. आणि हिला पोटभर जेवायला घाला."

मध्यंतरी सासूबाई बीपी तपासायला आल्या होत्या. नातू आता खुर्चीला धरून उभा राहतो. गुळणी कधी थांबली ते त्यांना नीटसं आठवत नव्हतं.